मनाचा उपवास, भरलेले ताट

उपवासकाळ जवळ आला की एक विचार दरवर्षी नव्या उत्साहाने डोके वर काढतो. राखेच्या बुधवारच्या आदल्या रात्रीपासून तो मोबाइलवर फिरू लागतो, मग प्रवचनांत शिरतो, युवकांच्या शिबिरांत फळ्यावर लिहिला जातो आणि शेवटी घराघरांत जेवणाच्या टेबलावर, बहुधा भरल्या ताटासमोर, अंतिम सत्य म्हणून मांडला जातो. विचार असा : खरा उपवास मनाचा. मांस सोडून काय होणार, राग सोडा. जेवण टाळून काय मिळणार, निंदा टाळा, कुरकुर टाळा, नकारात्मकता टाळा. देवाला तुमच्या पोटाशी काय देणेघेणे? तो हृदय पाहतो. उपाशी राहणे ही जुन्या, भेदरलेल्या काळातली रीत. आजच्या जाणत्या ख्रिस्ती माणसाने अंतरंगाचे नूतनीकरण करावे आणि ते देव व आपण या दोघांतच ठेवावे. ऐकायला किती उदात्त! इतके उदात्त की विरोध करणारा आपोआप कर्मठ ठरतो. निंदेची बाजू कोण घेणार? राग धरून ठेवा असे कोण म्हणणार? या मताची सारी चलाखी इथेच आहे. एक निर्विवाद चांगली गोष्ट ते पुढे करते आणि तिच्या आडून दुसरी गोष्ट अलगद काढून घेते. राग सोडावा, हे बाराही महिने खरे आहे. पण राग सोडला की जेवण सोडायची गरज उरत नाही, हा हिशेब कुणी आणि कुठल्या वहीत मांडला?

या हिशेबाला आधार म्हणून पहिल्यांदा संदेष्ट्यांना साक्षीला बोलावले जाते. योएल म्हणतो, वस्त्रे नव्हे, हृदये फाडा. यशया म्हणतो, देवाला तुमचा असला उपवास नको. झाले, खटला निकाली! पण साक्षीदाराची पुरती जबानी ऐकायची नाही असा काही नियम आहे काय? हृदये फाडा म्हणणारा योएल त्याच दमात उपवासासह, रडण्यासह, शोकासह परत फिरा असे सांगतो, आणि दोन ओळी खाली सियोनात रणशिंग फुंकून उपवासाचा दिवस जाहीर करायला लावतो. त्या दिवशी म्हातारे यावेत, अंगावर पिणारी मुले यावीत, नवरदेवानेही आपल्या खोलीतून बाहेर पडावे. नव्या नवरदेवालाही सूट न देणारा संदेष्टा आमच्या मनाच्या उपवासाचा पुरस्कर्ता कसा झाला? यशयाचे तर त्याहून मोठे हाल केले जातात. त्याच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातली तक्रार लोक उपाशी राहतात ही नाहीच. उपवासाच्या दिवशीही ते आपल्या मजुरांना राबवून घेतात आणि भांडणे उकरून काढतात, ही ती तक्रार आहे. त्यावर तो सांगतो तो उपाय काय? सकारात्मक विचार? नव्हे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा, बेघराला आसरा, उघड्याला कपडा. भाकरी, छप्पर, कापड : सगळ्या हाताने उचलून द्यायच्या वस्तू. चर्चनेही हा उतारा राखेच्या बुधवारनंतरच्या शुक्रवारी वाचायला ठेवला, आणि त्याच मिस्सेचे शुभवर्तमान म्हणून मत्तयाचा तो प्रसंग निवडला, ज्यात येशू सांगतो की वर त्यांच्यापासून घेतला जाईल तेव्हा माझे शिष्य उपवास करतील. एकाच वेदीवरून, एकाच सकाळी दोन्ही वाचने होतात. पहिले ऐकायचे आणि दुसऱ्याच्या वेळी मोबाइल पाहायचा, असे केल्याखेरीज हे मत टिकत नाही.

स्वतः येशूला साक्षीला आणणाऱ्यांचीही तीच गत. तोंडात जाते ते माणसाला विटाळवत नाही, हे त्याचे म्हणणे उपवासाविरुद्ध फेकले जाते. तो वाद शुद्ध-अशुद्धाचा होता, न धुतलेल्या हातांनी जेवण्याचा होता. कॅथलिक चर्च मांसाला विटाळ मानत नाही. मानत असते तर ईस्टरच्या दिवशी तेच मांस आनंदाने ताटात वाढले गेले नसते. वाईट म्हणून टाळणे वेगळे आणि चांगले असूनही काही काळ बाजूला ठेवणे वेगळे. डोंगरावरच्या प्रवचनात येशू दानधर्म, प्रार्थना आणि उपवास या तिन्हींचा उल्लेख एकापाठोपाठ एक करतो, आणि तिन्हींचे ढोंग कसे टाळावे ते सांगतो. उपवास करावा की नाही याची चर्चा तो करतच नाही. शिष्य तो करणारच हे धरून तो चालतो आणि तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून करा म्हणतो. हे वाचन राखेच्या बुधवारचेच. ढोंगाच्या भीतीने उपवास सोडायचा असेल तर मग दानधर्म आणि प्रार्थनाही सोडायला हव्यात, कारण ढोंगाचा इशारा तिन्हींबाबत सारखाच दिलेला आहे. त्या दोन गोष्टी मात्र टिकल्या आणि नेमकी पोटाला चिमटा घेणारी तेवढी कालबाह्य झाली. योगायोग म्हणायचा?

मग येते शरीराविषयीची तुच्छता, जी अध्यात्माचा मुखवटा घालून येते. देवाला पोटाशी काय देणेघेणे, असे विचारणाऱ्याने जरा आपल्याच चर्चमध्ये नजर फिरवावी. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख आपल्या कपाळावर लावली जाते, मनावर नव्हे. क्रुसाच्या वाटेत आपण चौदा ठिकाणी गुडघे टेकतो. बाप्तिस्म्यात पाणी लागते, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लागते, मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस लागतो. देवाने मानवी देह धारण केला, हा ज्या श्रद्धेचा गाभा, तिच्या अनुयायांनी देहाला प्रायश्चित्तातून वगळावे? पाप करताना देह होताच की. हात उचलला गेला तो देहाचा, खोट्या कागदावर सही झाली ती बोटांनी, दुसऱ्याच्या घासाला लागले ते आपलेच तोंड. फेडीची वेळ आली की मात्र आपण सगळे अचानक निराकार होतो. योनाच्या पुस्तकात निनवेचा राजा सिंहासनावरून उतरून राखेत बसतो, आणि माणसांबरोबर गुराढोरांनाही चारा-पाणी बंद करतो. गुरांनी कुठले पाप केले होते, असा प्रश्न कुणालाही पडेल. ती कथा थट्टेच्याही अंगाने जाते हे खरे. पण तिचा रोख स्पष्ट आहे : परत फिरायचे तर सगळे गाव, सगळा देह, गोठ्यासकट फिरते.

आमचे मित्र यावर ठेवणीतले अस्त्र काढतात. म्हणे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हे सारे संपवले. परिषदेचे नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचे दस्तऐवज उघडलेले असतात, हा अनुभव सगळीकडेच येतो. 4 डिसेंबर 1963 रोजी प्रसिद्ध झालेल्या उपासनाविधीवरच्या संविधानाचे 110 वे कलम उपवासकाळाबद्दल सांगते, की यातले प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि वैयक्तिक असू नये, ते बाह्य आणि सामाजिकही असावे. त्याच कलमात उत्तम शुक्रवारचा उपवास सर्वत्र पाळावा आणि शक्य तिथे तो पवित्र शनिवारपर्यंत वाढवावा, असेही म्हटले आहे. ज्या मताला परिषदेचा आशीर्वाद आहे असे सांगितले जाते, त्याच मताला परिषदेने आधीच, जवळजवळ नाव घेऊन, नकार दिलेला आहे! पुढे 17 फेब्रुवारी 1966 रोजी पोप सहावे पॉल यांनी नियम सैल केले हे खरे. त्याआधी निदान कागदावर तरी रविवार सोडून उपवासकाळाचा प्रत्येक दिवस एकभुक्त होता. आता उपवासाचे दिवस दोनच उरले, राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार. पण पोपने भार हलका केला तो माणसाने स्वतःहून अधिक उचलावा म्हणून. ज्या देशांत मांसत्याग हे प्रायश्चित्त उरलेले नाही तिथे बिशपांनी दुसरे काही ठरवून द्यावे, प्रार्थना, दानधर्म, सेवा, असा मार्गही ठेवला. आपण काय केले? पर्याय निवडायची मुभा मिळताच निवडायचेच विसरलो. इंग्लंड आणि वेल्समध्ये शुक्रवारचे प्रायश्चित्त ज्याचे त्याने ठरवावे अशी मोकळीक होती. तिथल्या बिशपांनी 16 सप्टेंबर 2011 पासून शुक्रवारचा मांसत्याग पुन्हा सक्तीचा केला. ज्याचे त्याने ठरवण्याची पद्धत उत्तम चालली असती तर हे करायची वेळ का आली असती?

सवलतीचा हा ओढा आजचा नाही. फ्रान्समधल्या रूआँ शहरात कॅथीड्रलचा एक मनोरा 'लोण्याचा मनोरा' म्हणून ओळखला जातो. उपवासकाळात लोणी खाण्याची परवानगी मिळवण्यासाठी श्रीमंतांनी जे पैसे भरले त्यातून तो उभा राहिला, असे परंपरा सांगते. म्हणजे पंधराव्या शतकाच्या अखेरीस माणसे लोण्यासाठी निदान पैसे मोजत होती. आम्ही तेवढेही मोजत नाही. आम्ही एक सुविचार पुढे पाठवतो आणि सुटतो. असल्या व्यवहारांवर तुटून पडलेल्या मार्टिन ल्यूथरचा हवाला द्यावा तर तोही आमच्या मित्रांच्या मदतीला येत नाही. 1517 च्या त्याच्या प्रसिद्ध प्रबंधांतला पहिला, ख्रिस्ती माणसाचे सारे आयुष्यच पश्चात्ताप असावे असे सांगणारा, सर्वांना ठाऊक असतो. तिसरा कुणी वाचत नाही. त्यात तो बजावतो की केवळ आतल्या पश्चात्तापावर भागत नाही. देहाच्या वासनांना बाहेरून वेसण घातली नाही तर आतला पश्चात्ताप शून्य. रोमशी उभा दावा मांडणारा ल्यूथर आणि रोमची परिषद यांचे ज्या मोजक्या मुद्द्यांवर जमते, त्यातला हा एक. आणि त्याच मुद्द्यावर आम्हाला दोघांपेक्षा जास्त कळते.

आता या मताच्या प्रामाणिकपणाची एक सोपी परीक्षा घेऊ. देहाला शिस्त लावणे खरोखरच मागासलेले वाटत असेल तर ते सगळीकडे मागासलेले वाटायला हवे. पण हीच मंडळी वजनासाठी सोळा-सोळा तास उपाशी राहतात. दीक्षित डाएटने दिवसातून दोनच वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायला सांगितले, तेव्हा महाराष्ट्रातल्या हजारो घरांनी मधल्या वेळचे खाणे एका झटक्यात बंद केले. कुणी म्हटले नाही, की शरीराच्या डाएटने काय होणार, मनाचे डाएट करा! चर्चचा उपवास त्या मानाने किती सौम्य : एक पूर्ण जेवण, आणि शिवाय दोन वेळा थोडेसे खाण्याची मुभा. वर्षातून दोन दिवस. साखर तपासायच्या अहवालासाठी जे देहाला जमते ते देवासाठी कर्मकांड ठरते, याचा अर्थ आक्षेप उपाशी राहण्याला नाहीच. आक्षेप आहे तो कुणासाठी उपाशी राहायचे याला. हे सरळ सांगितले तर वाद तरी होऊ शकतो. अध्यात्माच्या नावाखाली सांगितले की वादही करता येत नाही.

पण माझा खरा राग यापुढच्या गोष्टीवर आहे. मनाच्या उपवासातून गरिबाच्या ताटात काय पडते? काहीही नाही. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिल्या गेलेल्या हर्मासच्या 'मेंढपाळ' या ग्रंथात उपवासाची पद्धत हिशेबनिसाच्या बारकाईने सांगितली आहे : त्या दिवशी जे जेवला असता त्याची किंमत काढायची, आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यायची. त्याच शतकातला अरिस्टायडीझ रोमन सम्राटापुढे ख्रिस्ती लोकांची बाजू मांडताना सांगतो, की यांच्यात कुणी गरीब असेल आणि द्यायला जादा काही नसेल, तर हे दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि वाचलेले अन्न त्याला देतात. पाचव्या शतकात पोप महान लिओ उपवासकाळाच्या प्रवचनांत हेच सुनावत राहिले, की श्रीमंताच्या त्यागाने गरिबाची भूक भागली पाहिजे. ही परंपरा कुठल्या संग्रहालयात पडलेली नाही. जर्मनीच्या बिशपांनी 1958 साली उभारलेली मिझेरिओर ही संस्था उपवासकाळातल्या वर्गणीवरच वाढली. इंग्लंडमधल्या कॅथलिक स्त्रियांनी 1960 साली कुटुंबाने मिळून एक दिवस उपवास करायचा आणि वाचलेले पैसे दूरच्या कॅरिबियन बेटावरच्या माता-बालकांसाठी पाठवायचे असे ठरवले. काफोड ही संस्था त्यातूनच उभी राहिली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या अ‍ॅलनटाउनमध्ये 1975 साली सुरू झालेल्या 'राइस बोल' उपक्रमात कागदी डबा जेवणाच्या टेबलावरच ठेवला जातो, साधे जेवण जेवून उरलेली रक्कम त्यात टाकायला. डबा टेबलावर ठेवतात, देव्हाऱ्यात नव्हे, यात सगळे आले. आता सांगा, नकारात्मकता सोडल्यावर त्या डब्यात नेमके काय टाकायचे? सोडलेल्या कुरकुरीची बाजारात काय किंमत येते? मनाच्या उपवासाची सोय हीच आहे की तो फुकट आहे. शिवाय तो मोजता येत नाही, त्यामुळे मोडलेला कधीच सापडत नाही. जेवण चुकवले की नाही हे संध्याकाळी पोटच सांगते. निंदा चुकवली की नाही हे ज्याची निंदा केली त्याच्यापर्यंतही पोहोचत नाही.

पश्चात्ताप ही देव आणि मी यांच्यातली खाजगी बाब, हे या मताचे दुसरे पाऊल. सन 390 मध्ये थेस्सलनीकात सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने नागरिकांची कत्तल झाली. मिलानचे बिशप संत अ‍ॅम्ब्रोज यांनी सम्राटाला पत्र लिहून बजावले, की प्रायश्चित्त केल्याखेरीज तुझ्यासमोर मी मिस्सा अर्पण करू शकत नाही. थिओडोशियसला आमचे हे आधुनिक शहाणपण ठाऊक असते तर त्याने उत्तर पाठवले असते, की मी मनातून फार व्यथित आहे, बाकी माझे आणि देवाचे आम्ही पाहून घेऊ. त्याऐवजी त्याने राजचिन्हे उतरवली आणि सर्वांदेखत चर्चमध्ये रडला. कत्तल सार्वजनिक होती, मग पश्चात्ताप खाजगी कसा असेल? शुभवर्तमानातला जक्कय झाडावरून उतरला तो भावविवश होऊन थांबला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना फसवले त्यांना चौपट, असा आकडाच त्याने लोकांसमोर बोलून टाकला. चर्चची 1992 ची धर्मशिक्षणपोथीही हेच सांगते : चोरलेले परत करा, ज्याची बदनामी केली त्याचे नाव पूर्ववत करा, इजा केली असेल तर भरपाई द्या, पापक्षमेने पाप जाते, त्याने केलेली नासधूस आपोआप भरून निघत नाही. आमच्याकडे पापकबुली होते, तीन 'नमो मरिया' म्हटल्या जातात, आणि भावाची हडपलेली जमीन हडपलेलीच राहते. अंतरंग मात्र नूतन झालेले असते.

काही जण इथे मराठी संतांना मध्ये आणतात. संतांनीही बाह्य आचाराची खिल्ली उडवलीच आहे म्हणून. उडवली, आणि कडक शब्दांत उडवली. पण खिल्ली उडवणारे ते संत एकादशी मोडत नव्हते. त्यांच्या मागे चालणारा वारकरी आजही एकादशी धरतो, गळ्यात माळ घालतो, मांस वर्ज्य करतो आणि आळंदीहून, देहूहून पंढरपूरपर्यंत पायांनी चालत जातो. ज्यांनी स्वतः उपवास केला त्यांना उपवासाच्या ढोंगावर बोलायचा अधिकार होता. आपण त्यांची टीका तेवढी उचलली, आणि तीही नाश्त्याच्या प्लेटवर बसून.

एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो आपल्या किनारपट्टीला जास्त लागू आहे. वसईत, मुंबईच्या कोळीवाड्यात, गोव्यात शुक्रवारी मटण टाळून पापलेट, सुरमई, कोळंबी यांवर ताव मारणे म्हणजे प्रायश्चित्त नव्हे. ती मेजवानी आहे आणि कित्येकदा मटणापेक्षा महाग. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण आपल्यालाही लागू पडते. पण यातून निष्पन्न काय होते? मासळीही सोडा, असे. किंवा शुक्रवारी डाळभात खा आणि मासळीचे पैसे बाजूला काढा, असे. मांसाऐवजी दुसरे अन्न ठरवून देण्याचा अधिकार चर्चच्या कायद्याने बिशप परिषदांना दिलेलाच आहे. पळवाट सापडली म्हणून रस्ताच बंद करावा, हा न्याय आपण आयुष्यात दुसरीकडे कुठे लावत नाही. आजारी, वृद्ध, गरोदर आणि आधीच अर्धपोटी राहणाऱ्यांचे काय, हा दुसरा प्रश्नही आवर्जून विचारला जातो. त्यांच्यावर उपवासाची सक्ती नाही. अठरा वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे लागेपर्यंतच उपवासाचे बंधन आहे, आणि आजारी माणसाला त्यातूनही सूट आहे. अर्धपोटी माणसाच्या नावाने आपले ताट वाचवणारा धडधाकट माणूस हा या प्रश्नाचा खरा लाभार्थी. भुकेल्याला आपल्या उपवासाचा जाच होत नाही. आपण उपवास न केल्याचा होतो.

तेव्हा राग जरूर सोडा, निंदा सोडा, मोबाइलही बाजूला ठेवा. कुणी हरकत घेतलेली नाही. मात्र येत्या राखेच्या बुधवारी एक जेवण खरोखर चुकवा, अगदी पोटात कळेल असे. त्या जेवणाला किती रुपये लागले असते ते कागदावर लिहा, उपवासकाळातल्या प्रत्येक शुक्रवारी त्यात भर घाला, आणि उत्तम शुक्रवारी ती सगळी रक्कम धर्मग्रामातल्या गरिबांच्या पेटीत टाका. कुणाचे देणे असेल तर ते त्याच्या आधी फेडा. हा हिशेब पुरा झाला की मनाच्या उपवासावर बोलायला बसू.